अक्तोशचे अकरा जंत

लोकरीच्या जुन्या गोदामापुढे त्या रविवारी इतकी कुत्री जमली होती, की माणसांना एकमेकांवर भुंकायला जागा उरली नव्हती. कुत्री मात्र गप्प. कारण एकूणएक कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत नमद्यात, लोकरीच्या जाड घोंगडीत, गुंडाळलेला. मोल्दोकुलबाबाची तशी सक्त ताकीदच होती.

"कुत्रा झाकून आणायचा! वाटेत कुणाची नजर पडली, की जंत घाबरून आतड्यात खोल पळतो."

मोल्दोकुल गेल्या वर्षापर्यंत ट्रॅक्टर चालवायचा. मग त्याच्या स्वप्नात एक पांढरा लांडगा आला आणि म्हणाला, "ऊठ, गावातली कुत्री शुद्ध कर." कुत्र्यांच्या तब्येतीची लांडग्याला एवढी काळजी का, हे कुणी विचारलं नाही. मोल्दोकुलनं दाढी वाढवली आणि ट्रॅक्टर विकून टाकला. ट्रॅक्टर त्याचा नव्हता, पण स्वप्न त्याचं होतं.

आता पाळी बेशिम-अताच्या अक्तोशची होती. अक्तोश म्हणजे आमच्या खोऱ्यातला सर्वांत वेगवान ताइगन, लांब पायांचा शिकारी कुत्रा. बेशिम-अता, म्हणजे बेशिम आजोबा, माझा शेजारी, त्याला उराशी धरून बसला होता. मोल्दोकुलनं पाण्यानं भरलेली परात नमद्याखाली सरकवली. परातीच्या मधोमध निखाऱ्यांची लोखंडी वाटी. तिच्यात त्यानं धुपाची फांदी टाकली, कातडी पिशवीतली चिमूट सोडली आणि आकाशाकडे पाहून ओरडला:

"अरे पोटातल्या पाप्या! सात पिढ्या खाल्ल्यास, आठवी देणार नाही! धूर तुझा बाप, पाणी तुझी आई. ये, आईच्या कुशीत ये!"

"काय ते आर्जव!" माझी बायको बुरुल माझ्या कानाशी म्हणाली. "जावयालासुद्धा कुणी एवढं बोलवत नाही."

नमद्याखाली तडतड झाली. अक्तोश शिंकला. मोल्दोकुलनं परात बाहेर ओढली, आणि पाण्यात भाताच्या कणीएवढे पांढरे, आकड्यासारखे वाकलेले जीव दिसले. ऊन पाण्यात ते हलतही होते.

"अकरा!" बेशिम-अता ओरडला. "सुलतान खाटकानं आणलेल्या कुत्र्याचे सातच निघाले होते. माझ्या अक्तोशचे अकरा!"

आमच्या गावात माणूस कशाचाही अभिमान धरू शकतो.

मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "झालं रे शायिक. गुरुवारी जानील येतेय. आता भीती नाही."

जानील त्याची नात, वय वर्षं नऊ. आईबाप रशियात कामाला, म्हणून पोर आजोबाकडे. सहा आठवडे ती जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. तिच्या यकृतातून मुठीएवढी पाण्याची पिशवी काढली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं ती बरणीत घालून बेशिम-अताला दाखवली होती.

"कुत्र्याच्या जंतामुळं झालंय हे. घरी कुत्रा आहे?"

"कुत्रा नाही, ताइगन आहे," बेशिम-अता ताठ बसून म्हणाला होता.

"मुलगी त्याच्याजवळ झोपते का?"

"जवळ कसली? तो तिची उशीच आहे."

डॉक्टरनं चष्मा काढून सांगितलं होतं: पोरगी घरी यायच्या आत कुत्र्याला औषध द्या. पुन्हा अंडी पोटात गेली, तर पुन्हा फोड होईल, आणि दर वेळी तो अशा सोयीच्या जागी होईल असं नाही.

बेशिम-अतानं औषध दिलं होतं. धुराचं.

आता आभाराचा मेंढा कापायचा. हीही बाबाचीच आज्ञा. मेंढा कापला, मांस कढईत गेलं, आणि कच्चं यकृत आणि फुप्फुसं बेशिम-अतानं स्वतःच्या हातांनी नुकत्याच शुद्ध झालेल्या कुत्र्यांपुढं भिरकावली. बापजाद्यांपासून तो कुत्र्यांचा वाटा आहे.

"अता, थांबा! टाकू नका!"

गुरांची डॉक्टरीण बर्मेत गर्दीतून धावत आली. ही बाई महिनाभर दारोदार गोळ्या घेऊन फिरत होती. चालता चालता जेवायची आणि बोलता बोलता निघून जायची. ती पोचेपर्यंत अक्तोशनं यकृत गिळलं होतं.

"त्यावर फोड होते! पाण्याचे! पाहिले नाहीत का?"

"दरवर्षी असतात," सुलतान खाटीक म्हणाला. "थोडे असले तर तोडून आपण खातो, जास्त असले तर सगळंच कुत्र्याला."

"तेच तर! शिजवून घाला, नाहीतर खोल पुरा."

"कुत्र्याला शिजवून?" गर्दीत हशा पिकला. "मग रुमालही बांधू गळ्यात. चहात साखर किती घालायची, तेही विचारून ठेवा ताई!"

बर्मेतनं खिशातून गोळी काढली. "अता, ही एकच. आत्ता, माझ्यासमोर."

मोल्दोकुल मध्ये आला. "गोळीनं शिकारी कुत्र्याचं नाक मरतं. दहा दिवसांवर शिकार आलीय. वासच आला नाही तर हा धावणार कुणामागं? सुनेमागं?"

बेशिम-अतानं गोळीकडं पाहिलं, परातीतल्या अकरा जंतांकडं पाहिलं. "पोरी, जंत तर निघालेत. डोळ्यांनी पाहिले मी. आता गोळी कशाला?"

बर्मेतनं गोळी पुन्हा खिशात ठेवली. डोळ्यांनी पाहिलेल्याशी भांडायचं कसं?

सोमवारी मी तिच्या दवाखान्यात गेलो तर ती खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती. परातीतले चार जंत तिनं बाटलीत उचलून आणले होते.

"बघा, शायिकदादा. सूक्ष्मदर्शकाखाली बघा. डोकं नाही, आकडे नाहीत. खरा जंत आतड्याच्या भिंतीला आकड्यांनी लटकतो. धूर दिला म्हणून पाण्यात उड्या मारायला तो काय बेडूक आहे?"

"मग हे काय आहे?"

"तेच कळत नाही! गुरुवारी ती पोर येणार, त्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकणार, त्याच हातानं भाकर खाणार. आणि मी इथं बसून बाटली बघतेय."

ती बसली नव्हती, पण मी दुरुस्ती केली नाही.

कोडं सुटलं ते त्याच संध्याकाळी, बर्मेत आमच्या घरी आली तेव्हा, बुरुलमुळं. तिनं रविवारी निखाऱ्यांच्या वाटीजवळचं सांडलेलं चिमूटभर बी पदराच्या टोकाला बांधून आणलं होतं. पैसे देऊन झाल्यावर दुकानातूनही ती काहीतरी उचलून आणते, सवय आहे. बारीक, करडं, खाचा पडलेलं बी.

"अहो, हा खुरासानी ओवा," ती म्हणाली. "गोदामाच्या भिंतीमागं माजलाय. आमच्या गावी दाढेतला किडा काढायला एक म्हातारी हाच जाळायची. तोंडात धूर, खाली पाणी. आणि पडायचे बघा किडे!"

"दाढेतले?"

"माझ्या आईच्या तोंडात एक दाढ नव्हती. तिचेसुद्धा पडले."

बर्मेतनं पहिल्यांदा जागच्या जागी उभं राहून ऐकलं.

मंगळवारी आमच्या स्वयंपाकघरात आम्ही परात मांडली, मध्ये निखारे ठेवले. खिडक्या सगळ्या उघड्या, कारण हे बी विषारी. त्याचा धूर डोकं फिरवतो. चिमूट टाकली. तडतड झाली. बी तापून फुटत होतं आणि त्याच्या आतला पांढरा, वाकडा कोंब उडून पाण्यात पडत होता. हुबेहूब जंत. ऊन पाणी ढवळलं की हलायचाही. कुत्रा नाही, दाढ नाही, सात पिढ्या नाहीत.

"चौदा!" बुरुलनं मोजले. "अक्तोशला हरवलं आपण."

"चला बेशिम-अताकडं," बर्मेत निघालीच.

मी तिला अडवलं. सांगून आमच्या गावाला काही पटत नाही. आमच्या गावाला दाखवावं लागतं, आणि दाखवताना कुणाची तरी फजिती झाली तर अधिक चांगलं पटतं.

बुधवारी गोदामापुढं पुन्हा गर्दी होती. मी आणि बुरुल हातगाडीवर एक मोठं गाठोडं घेऊन पोचलो. नमद्यात नीट गुंडाळलेलं.

"बाबा," मी हात जोडले. "आमचा म्हातारा कुत्रा. चालवत नाही बिचाऱ्याला. दिवसभर कोपऱ्यात बसून असतो."

"झाकून आणलास, शहाणा आहेस," मोल्दोकुल म्हणाला. त्यानं नमद्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. "अरे! केवढा ताप! अंग नुसतं पेटलंय!"

"सकाळपासून तापलाय," बुरुल म्हणाली. हे अक्षरशः खरं होतं.

मोल्दोकुलनं कान लावला. गाडी हलली तशी आतून खळखळ झाली. "ऐका, ऐका! पोटात पाणी झालंय. हा साधा जंत नाही. हा नऊ पिढ्यांचा! आईच्या बाजूनं आलाय."

"आईची बाजू आम्हाला माहीत नाही बाबा," मी म्हणालो. "बाजारातून आणला होता."

परात आत गेली, निखारे आले, चिमूट पडली. "धूर तुझा बाप, पाणी तुझी आई!" तडतड झाली. परात बाहेर आली. गर्दी पुढं झुकली.

"सतरा!" मोल्दोकुलनं दोन्ही हात वर केले. "आजवर एवढे कुठल्या कुत्र्याचे निघाले नव्हते! आता बघा, उद्या हा सशामागं धावेल!"

बुरुलनं नमदा ओढला.

हातगाडीवर आमचा चहाचं पाणी उकळायचा पितळी समोवार होता. शिगोशीग कढत पाण्यानं भरलेला, थोडासा वाफ सोडत.

मग सुलतान खाटकानं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाबा, हा सशामागं धावलाच, तर चहा आम्ही कुठं प्यायचा?"

हसण्याची लाट थेट नदीपर्यंत गेली असावी. मोल्दोकुल मात्र कच्चा गडी नव्हता. तो म्हणाला, "समोवारालाही नजर लागते." आणि सांगायला लाज वाटते, पण मागं उभ्या दोन बायकांनी लगेच विचारलं, आपापले समोवार कधी आणायचे.

बेशिम-अता हसला नव्हता.

बर्मेतनं मोल्दोकुलच्याच पिशवीतली चिमूट घेतली आणि उघड्यावर, सगळ्यांदेखत निखाऱ्यांवर टाकली. परातीत पांढरे कोंब पडू लागले. "हे बी आहे. भिंतीमागं उगवतं. हेच अक्तोशचे अकरा, अता."

"मग अक्तोशचे खरे जंत?" त्यानं विचारलं.

"आत आहेत का नाहीत, ते मला वरून दिसत नाही. म्हणूनच दर तीन महिन्यांनी गोळी द्यायची. दिसायची वाट पाहायची नाही."

त्या दिवशीचा आभाराचा मेंढा कापून झाला होता. बर्मेतनं हातमोजे घातले, यकृत पाटीवर घेतलं आणि वरचा एक पांढुरका फुगा अलगद कापला. स्वच्छ पाणी आलं, आणि त्याबरोबर बारीक वाळूसारखे कण.

"या वाळूतल्या कणाकणातून कुत्र्याच्या पोटात एकेक जंत होतो. जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, त्याच्या केसांना चिकटतात. गवत मेंढी खाते, तिच्या यकृतात पुन्हा हा फुगा. आणि जे पोर कुत्र्याला कुरवाळून न धुतलेल्या हातानं जेवतं, त्याच्याही यकृतात."

बेशिम-अता पाटीजवळ आला. खूप वेळ वाकून पाहत राहिला.

"बरणीत हेच होतं," तो म्हणाला. "डॉक्टरनं दाखवलेलं. हेच." मग स्वतःच्या हातांकडं पाहत, "रविवारी मीच टाकलं ना त्याच्यापुढं? नात बरी झाली म्हणून मेंढा कापला, आणि तिचाच रोग कुत्र्याला भरवला."

"माहीत नव्हतं, अता."

"सांगत होतीस की. महिनाभर. गोळी कुठाय?"

अक्तोशनं गोळी पहिल्यांदा थुंकली, दुसऱ्यांदाही थुंकली. तिसऱ्यांदा ती उकडलेल्या मांसात गेली आणि अक्तोशनं बर्मेतकडं अशा नजरेनं पाहिलं, की नाक मरण्याची भीती त्याच्यापर्यंतही पोचली असावी. तीन दिवस त्याला बांधून ठेवायचं आणि विष्ठा खोल पुरायची, असा हुकूम निघाला. बेशिम-अता, खोऱ्यातला नावाजलेला शिकारी, ते तीन दिवस कुदळ घेऊन बांधलेल्या कुत्र्याभोवती फिरत राहिला. लोकांनी टिंगल केली. त्यानं वर पाहिलं नाही. बुधवारी जाता जाता बर्मेतनं कुत्रा पिसाळू नये म्हणून लसही टोचली; बाई एका दगडात एकच पक्षी कधी मारत नाही.

गुरुवारी जानील आली. बारीक झालेली, पण पाय तेच. गाडीतून उतरताच ती अक्तोशकडं पळाली.

"थांब!" बेशिम-अता ओरडला. "रविवारपर्यंत नाही!"

"पण तो मला बोलावतोय, अता!"

"बोलावू दे. लांबून उत्तर दे. आणि रविवारनंतर हात लावलास तर आधी साबण, मग जेवण. आणि उशी म्हणून उशीच घ्यायची."

पोर रडली. अक्तोश दोरी ताणून केकाटला. मधे उभा बेशिम-अता दोघांकडं आळीपाळीनं पाहत होता. पण तो जागचा हलला नाही.

मोल्दोकुल पुढच्या खोऱ्यात गेलाय. तिथंही कुत्री आहेत, मेंढ्या आहेत आणि पोरंही आहेत. तो तुमच्याकडं आला, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या स्वप्नावर शंका घेऊ नका. फक्त एवढंच म्हणा: बाबा, आधी कुत्र्याशिवाय काढून दाखवा. त्यातूनही निघालेच, तर ते कुत्र्याचे नव्हते. आणि तोवर तीन महिन्यांनी गोळी, वर्षाला लस, कच्चं यकृत खड्ड्यात आणि जेवणाआधी साबण. यात बघण्यासारखं काहीच नाही, हे मी मान्य करतो. गर्दी जमणार नाही, कुणी हात वर करून ओरडणार नाही. एवढंच होईल, की एक पोर पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणार नाही.