हिरव्या लुगड्याचा संदर्भ

विहिरीतली बाई जागृतीने स्वतःच बनवली होती. तिची मुलगी स्वीटी लहान असताना सारखी बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागे पळायची, आणि तिथली ती विहीर म्हणजे कठडा ढासळलेला, भोवती बेशरमच्या झुडपांचं रान, खाली काळंशार पाणी. पोरगी समजावून ऐकेना, धपाटा घालून ऐकेना. मग एकदा वरण घोटता घोटता जागृतीच्या तोंडून निघून गेलं, "हिरव्या लुगड्यातली बाई बसते तिथं. जो वाकून पाह्यते त्याले ओढून घेते."

स्वीटीचा हट्ट तिथेच संपला, कायमचा. जागृतीला मात्र स्वतःची लाज वाटली. माहेरी नाचणगावच्या बुद्धविहारात अंधश्रद्धेवर भाषण देऊन टाळ्या घेतलेली, बी.ए. झालेली बाई, आणि सासरी येऊन घरात भूत पाळून बसली. पण पोरगी विहिरीकडे फिरकली नाही. आईच्या जिवाला आणखी काय पाहिजे?

स्वीटी आता सहावीत होती. सोनम मॅडमनी वर्गाला 'गावातले पाणवठे' असा प्रकल्प दिला आणि संदर्भसूची कशी करायची त्याचा एक कागदही दिला. पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, साल. वर्तमानपत्र असेल तर तारीख आणि पान. वेबसाइट असेल तर पूर्ण पत्ता, शिवाय आपण ती कधी पाहिली तो दिवस. मुलाखत असेल तर माणसाचं नाव, वय, गाव. प्रत्यक्ष पाहणी असेल तर ठिकाण, दिनांक, सोबत कोण. मॅडमचं म्हणणं एकच, जे लिहाल ते कुठून आलं ते मला दिसलं पाहिजे, हवेतून काही येत नसतं.

जागृतीला हे फार आवडलं. रविवारी दुपारी घरापुढच्या छपरीत मायलेकी सूची घेऊन बसल्या. जिल्ह्याचं गॅझेटिअर झालं, पाणीपुरवठ्याची वेबसाइट झाली. पुढच्या ओळीवर जागृतीचं बोट थांबलं. मुलाखत : धुरपता आजी, वय अंदाजे ऐंशी.

"आजीची मुलाखत कशाची घेतली वो?"

"जिनिंगच्या विहिरीची. त्या हिरव्या लुगड्यावालीची."

"तिले कोनं सांगतलं ते?"

"कोनी नाई. तिनं स्वतः पाह्यलं म्हने." स्वीटी पेनाचं टोपण चावत होती. "आता निस्ती प्रत्यक्ष पाहणी राह्यली. उद्या शाळा सुटली का मी जाईन."

जे भूत पोरीला दूर ठेवायला उभं केलं होतं, तेच आता तिला बोलावत होतं.

"कुठं नाई जायचं. मी बनवलेली गोष्ट होती ते. खोटी. खोडून टाक."

"मंग धुरपता आजी काऊन खोटं बोलन?"

जागृतीने पोरीचा हात धरला आणि तडक धुरपताचं अंगण गाठलं. म्हातारी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"या वो बी.ए. बाई," ती बोळक्या तोंडाने हसली. "माहा पेपर तपासाले आल्या का?"

"आजी, विहिरीतली बाई मी बनवली होती. पोरीले भेव दाखवाले."

"तू काऊन बनवशीन?" धुरपताचं हसू मावळलं. "सुलोचना होय ते. तू या गावात यायच्या कितीक आधी गेली. तिचा पोट्टा वाकला अन् पडला आत. मागून तिनं उडी टाकली. पोहता कुठं येत होतं तिले? पाण्याखाली राह्यली, अन् पोट्ट्याले दोनी हातानं वर धरून ठेवलं. आमी दोर सोडला. पोट्टा निंगाला. ते नाई निंगाली."

जागृतीला विचारायचं नव्हतं, तरी ती विचारून गेली. "लुगडं कोणतं होतं, आजी?"

"हिरवं. नवंकोरं."

"मी तर सांगतलं, ते ओढून घेते."

"ओढते?" म्हातारीने हातातली शेंग खाली टाकली. "ओढत नाई वो, वर लोटते. त्या घरचे लोकं पोट्ट्याले घेऊन गाव सोडून गेले, मंग तिचं नाव कोनी नाई घेतलं. आता तूच सांग. तुले कोनं सांगतलं?"

जागृती आठवू लागली. नवऱ्याने नाही, सासूने नाही, कुणीच नाही. त्या दिवशी हातात रवी होती, चुलीवर वरण होतं आणि तो हिरवा रंग आपोआप जिभेवर आला होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो आपलाच.

परतताना स्वीटी उड्या मारत चालत होती. "मंग ते त चांगली होय, मम्मी. आता भेव कायचं? मी एकटीच जाऊन येईन."

भीतीचं कुंपण पडलं होतं आणि दुसरं काही उभं नव्हतं. उद्या नाही म्हटलं तर ही परवा चोरून जाईल, हे जागृती पक्कं ओळखून होती.

"आत्ता चल," ती म्हणाली. "माह्यासोबत."

जिनिंगमागे ऊन होतं, तरी विहिरीपाशी गारवा जाणवत होता. जागृतीने पोरीच्या फ्रॉकचा मागचा घोळ मुठीत गच्च धरला. "इथूनच पाह्य. पुढं पाय टाकायचा नाई."

"कबुतरं आहेत वो आत. पाणी पन हाये. लय खाली..." स्वीटीने मान पुढे काढली, आणि पायाखालची माती सुटली.

कापड मुठीतून सरकन निघून गेलं. पोरीचे दोन्ही पाय काठाबाहेर गेलेले जागृतीने पाहिले. मुठीत काही नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वीटी मागे फेकली गेली, आईच्या पायांवर येऊन आदळली. जागृतीने तिला फरफटत पार लिंबाच्या झाडापर्यंत नेलं, पोटाशी आवळलं, हातपाय चाचपले. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

"केवढ्या जोरानं लोटलं वो मम्मी," स्वीटी कुरकुरली. ती छाती चोळत होती.

जागृती तर तिच्या मागे उभी होती.

दोघी लिंबाच्या सावलीत बसल्या. विहिरीत कबुतरं घुमत होती. मग शाळेचीच पोर ती, तिने खिशातला कागद काढून मांडीवर सरळ केला, ठिकाण लिहिलं, दिनांक लिहिला.

"सोबत कोण, इथं तुझं नाव लिहू ना?"

जागृतीने विहिरीकडे पाहिलं. पोरीचं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.

"आधी सुलोचना लिही," ती म्हणाली. "माझं नंतर."