तोंडलीच्या बुडाशी आंघोळ

मुरबाडकडच्या माझ्या माहेरी न्हाणीघर नव्हतं. परसात तोंडलीचा मांडव होता आणि त्याखाली, वेलाच्या बुडाशी, एक सपाट दगड. घरातल्या सगळ्यांनी त्या दगडावर बसूनच आंघोळ करायची. आई पदर खोचून पहाऱ्याला उभी.

"भीमे, तिकडं काय सांडतेस गो? बुडाकडं सरक!"

भाऊ भगीरथ ओले केससुद्धा वेलावर झटकायचा. बा शेतातून आला की पाय तिथंच धुवायचा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, पण आमच्या मांडवाखाली ओल्या मातीचा वास असायचा. दुपारच्या उन्हात आळीतल्या बाया सुपं घेऊन तांदूळ निवडायला तिथंच येऊन बसायच्या.

लग्न होऊन शेणव्याला आले तेव्हा आईनं त्या वेलाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. एसटीत ती मी मांडीवर धरून बसले. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा नवरा म्हणाला, "तान्हं पोर घेतल्यासारखी काय बसलीस?" मी लाजले, पण काडी खाली ठेवली नाही. पुढं आई-बा गेले, भगीरथ कल्याणला गेला, माहेरच्या परसात प्लॉट पडले. तो वेल उरला तो माझ्याच दारात.

यंदा मार्चपासूनच अंग भाजत होतं. बोअर आटली. टँकर येईल तेव्हा पिंप भरायचं आणि तेच पुरवायचं. वेलाची पानं दुपारी फडक्यासारखी लोंबू लागली. मुलगा इंद्रजीतनं टाइल्सचं बाथरूम बांधलं तेव्हापासून आंघोळीचं पाणी पाइपातून थेट शोषखड्ड्यात जात होतं. मी परसातला एक दगड वेलाखाली सरकवला, भोवती जुनी लुगडी बांधली आणि तिथं आंघोळीला बसू लागले.

सून रश्मी कावली. "आई, लोक काय बोलतील? घरात बाथरूम असून सासूला बाहेर बसवलीय!"

"सांग त्यांना, म्हातारीला हवा लागते."

इंद्रजीत हसला. रविवारी त्यानं पाइप कापला आणि त्याचं तोंड वेलाकडं वळवलं. "घे. आता सगळ्या घराची आंघोळ तुझ्या तोंडलीला."

पानं तरारली. चार तोंडलीही धरली. संध्याकाळी मी मांडवाखाली बसले की बा आत्ता पाय धुवायला येईल असं वाटायचं.

पुढच्या सुट्टीला रश्मीनं नेहमीसारखी बाथरूमची फरशी अ‍ॅसिडनं घासली. पाइप आता कुठं जातो, याची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नाही. सकाळी उठून बघते तर सगळा मांडव तव्यावर टाकल्यासारखा करपलेला.

रश्मीनं एक पान हातात घेतलं, ते तिथंच चुरलं. "आई, मी मारला तुमचा वेल."

"मेला कुठं अजून? तोंडलीचा जीव खाली गड्ड्यात असतो. कोयता आण."

वेल गुडघ्याइतका ठेवून मी वरचा सगळा छाटला. मांडव उघडा पडला, ऊन थेट उंबऱ्यापर्यंत आलं. बुडाची जळकी माती काढून राख आणि नवी माती घातली. आता रोज चांगलं पाणी पडलं तर गड्डा तगणार होता. नाही पडलं तर माहेरचं माझ्याकडं काही उरणार नव्हतं. इंद्रजीतनं पाइप पुन्हा खड्ड्याकडं वळवला.

दुसऱ्या दिवशी लुगड्याआडून तांब्याचा आवाज आला. मी नव्हे, रश्मी बसली होती.

"साबण नाय लावलास ना गो?"

"नाय हो! नुसत्या पाण्यानं चाललंय. गावभर बोलू देत आता."

"डाळीचं पीठ लाव. कांती उजळेल."

"पीठ लावून बसले तर भजी तळाल माझी!"

तिच्यामागून इंद्रजीत कुरकुरत बसला. "आई, वाशिंदला कंपनीत माझ्याशेजारी कोण बसत नाय आता."

"वेल जगला की त्यांना भाजी दे. बसतील."

मी ओट्यावर डोळे मिटून ऐकत राहायचे. दगडावर पाणी पडतं, कोणीतरी कोणाला ओरडतं, बादली सरकते. त्या आवाजात माझं वय कितीतरी कमी व्हायचं. डोळे उघडले की समोर वाळकं खोड. रोज नखानं जरा खरवडून बघायचे. आत हिरवं असायचं, पण पुढं काही नाही.

मे सरत आला तेव्हा एका सकाळी रश्मी ओल्या केसांनी, लुगडं आवरत बाहेर आली. "आई, लवकर या! खोडाला डोळा फुटलाय!"

गुडघे धरून मी उठले. जाऊन बघते तर गाठीवर मुगाच्या दाण्याएवढं हिरवं. तोवर तिनं टॉवेल घेऊन आलेल्या इंद्रजीतला दारातच अडवलं.

"अहो, आजपासून दगडाच्या त्या अंगाला बसायचं. याला पाय लागला ना तुमचा, तर बघा!"

आणि बादलीत राहिलेलं पाणी ओंजळीत घेऊन ती बोटांच्या फटींतून हळूहळू बुडाशी सोडू लागली.