पहिली ओंजळ

"साहेब, एकदा हात लावून पाहा," शालिकराम म्हणाला. "मंग म्हणा मले पाणी सोड म्हणून."

देवराव ओव्हरसियरांनी हात लावला नाही. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि चाळीच्या गच्चीवर तीन दिवस कोरड्या पडून राहिलेल्या त्या काचेच्या पेट्या. हात लावायला कोण वेडा झालाय? साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास. गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष उद्घाटनाला बाराला यायचे होते.

उन्हावर पाणी तापवायच्या पेट्या होत्या त्या. वर काच, आत काळा पत्रा, पत्र्याला तांब्याच्या नळ्या. नळ्यांतलं पाणी तापून टाकीत साठायचं आणि मग खाली घरोघरी जायचं, असा बेत. गरिबांच्या सरकारी चाळीवर उन्हाचं गरम पाणी! त्र्याऐंशी सालच्या त्या मोहल्ल्यात लोकांना ते खोटंच वाटत होतं. आता टाकी ठेकेदाराकडून आलीच नव्हती, पण पत्रिका छापून झाल्या होत्या. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! साहेबांनी पेट्यांमधून थेट अंगणातल्या नळाला पाइप जोडायला लावला. कार्यक्रमापुरता. आणि नेमकं तीन दिवस गच्चीवर पाणी चढलं नव्हतं, ते आज सकाळी तिथल्या हौदात आलं.

"कोरड्या तव्यावर पाणी टाकलं तं काय होते साहेब? ह्या नळ्याइचं तसंच झालं आहे. पहिला लोंढा वाफेचा येईन. गोधड्या टाकून घंटाभर झाकू. थंड्या झाल्या का सोडू."

"गोधड्या? अध्यक्षासमोर गोधड्या वाळत घालतं काय बे?" साहेब खेकसले. मग आवाज खाली आला, आणि तो जास्त वाईट होता. "बावीस वर्षं रोजंदारीवर आहेस ना तू? कायम व्हायची फाईल माझ्या टेबलावर आहे. सही मले करायची आहे. काहून डोकं खाऊन राहिला माझं?"

शालिकराम कठड्याजवळच्या व्हॉल्व्हच्या चकतीकडे वळला. खोटं कशाला सांगा, फाईलचं नाव निघालं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यानं मनाला समजावलं, की पहिली वाफ मातीत जाईल, कुणाचं काय बिघडणार आहे?

तेवढ्यात त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं.

अंगणात मांडव होता. नळाला झेंडूचा हार, हळदीकुंकवाची बोटं. आणि नळासमोर पाटावर अंजनाबाई बसली होती, नवं लुगडं नेसून. इतवारीतल्या कापडगल्ल्या चाळीस वर्षं झाडलेली बाई. नव्या विहिरीचं, नव्या नळाचं पहिलं पाणी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या ओंजळीत घ्यायचं, ही तिच्या गावाकडची रीत. बायांनी परस्परच ठरवलेलं. अंजनाबाई दोन्ही तळवे जोडून नळाखाली धरून बघत होती, नीट बसतात का.

शालिकराम कठड्यावर ओणवा झाला.

"माय! हात काढ वं तिथून! अंजनामाय!"

खाली बॅण्ड सुरू झाला होता. मोटारीचा हॉर्न वाजला. एका बाईनं वर पाहून हसून हात हलवला.

"साहेब, म्हातारीचे हात जातीन! पाया पडतो, दहा मिनटं थांबा."

"अध्यक्ष आले. सोड पाणी."

"मी नाई सोडत."

बावीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले. साहेबांनी त्याला बाजूला ढकललं, चकती रुमालानं धरली आणि गरगरा फिरवली. नळ्या तडतडायला लागल्या. आता बंद करूनही उपयोग नव्हता, पाणी आत गेलं होतं.

शालिकराम जिन्याकडे पळाला. दोन मजले. चप्पल कुठं सुटली कळलं नाही, वळणावर खांदा भिंतीवर आपटला. अंगणात पोहोचला तेव्हा फीत कापून झाली होती, अध्यक्षांचा हात नळावर होता, आणि सगळ्या चाळीच्या बाया नळाभोवती दाटल्या होत्या. नळानं खोकल्यासारखा आवाज काढला.

"सरका! अवं सरका!"

कुणी सरकेना. त्या कोंडाळ्यातून त्याचं अंग शिरेना. हात तेवढे शिरले. त्यानं ते अंजनाबाईच्या ओंजळीवर पालथे घातले आणि तिचे तळवे मागं रेटून धरले.

वाफ आली, आणि तिच्यामागून उकळतं पाणी.

तो गुरासारखा ओरडला. पण हात काढले नाहीत. अध्यक्ष मागं उडी मारून एका खुर्चीवर पडले, बॅण्ड बंद झाला. कुणीतरी नळ फिरवला तेव्हा अंजनाबाई आपले हात उलटसुलट करून बघत होती. त्यांना काही झालं नव्हतं.

"घाई केली मूर्खानं," गच्चीवरून उतरलेले देवराव अध्यक्षांना सांगत होते. "सांगितलं होतं, नळ्या थंड होऊ दे म्हणून." शालिकरामनं ते ऐकलं. फाईलचं काय होणार, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून तो खोलीवर आला, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. चाळीची मोटर सांभाळतो म्हणून शेवटची खोली त्याला मिळाली होती. बायको, जयवंता, जाऊन चार वर्षं झालेली, घरात दुसरं माणूस नाही. अंधारात तो नुसता बसून राहिला.

अंजनाबाई ताट घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. बारा वर्षं एका चाळीत राहून ती कधी त्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. तो कुणब्याचा, ती झाडूवाली. त्यानं तिच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं, आणि तिनं कधी देऊ केलं नव्हतं. शालिकरामला लाज वाटली, हातांच्या आगीपेक्षा ती जास्त पोळली.

"तिथं काहून उभी राहिली माय? आत ये."

"माझ्या हातचं चालीन का गा तुले?" तिनं सरळच विचारलं.

"भूक लागली आहे मले."

ती आत आली. त्याच्यासमोर मांडी घालून बसली, ज्वारीची भाकर मोडून गरम, पातळ बेसनात कुस्करली. घासावर फुंकर घातली आणि हात पुढे केला. शालिकरामनं तोंड उघडलं.