तोंड आणि आवाज, दोन्ही माझे

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी हातात घेतले नसेल. काळी, चपटी, जाडजूड पुस्तकाएवढी माझी काया. पोटात दोन चाके आणि त्यांवर गुंडाळलेली लांबच लांब फीत. या फितीवर चित्र असते आणि आवाजही असतो, पण ते दोन्ही एका जागी नसतात. चित्र फितीच्या रुंद अंगावर असते, आवाज अगदी कडेच्या अरुंद पट्टीवर. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

मला विकत घेतले महारुद्रने. हा जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावचा. मुंबईत राहून तो चित्रपटांना संगीत द्यायचा. त्याचा चेहरा मोठा बोलका होता. गालफडे वर आलेली, मिशा भरघोस, आणि हसला की डोळे पार मिटून जायचे. त्यामुळे ज्या चित्रपटाला तो चाली द्यायचा, त्याचे दिग्दर्शक त्याला एखाद्या प्रसंगात उभे करायचे. कधी तो टांगेवाला झाला, कधी पोस्टमन, एकदा नवरदेवाचा मामा. वाक्ये तो मन लावून म्हणायचा. पण चित्रपट तयार होताना त्याच्या हलत्या ओठांवर दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज बसवला जायचा. त्याची बोली फार गावठी वाटते, असे त्याला सांगण्यात येई.

गंमत पाहा, हीच माणसे त्याला मुलांच्या कार्टूनमधल्या म्हाताऱ्या अस्वलाचा आवाज काढायला मात्र आवर्जून बोलवायची. माणसाच्या तोंडी जी बोली चालली नाही, ती अस्वलाच्या तोंडी चालली.

बोरीला त्याची आई कस्तुराबाई टीव्हीवर त्याचा चित्रपट बघायची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती उठून टीव्हीच्या जवळ गेली होती म्हणे.

"ह्ये काय गं मंजे? तोंड माझ्या लेकराचं, अन् गळा कोणाचा?"

मंजुषा म्हणजे महारुद्रची धाकटी बहीण. ती म्हणाली, "मुंबईत तसंच असतंय आई. दिसणारा एक अन् बोलणारा दुसराच."

"मंग आपल्या सरपंचबाईसारखंच म्हण की. खुर्चीवर ती, बोलतो तिचा नवरा."

गल्लीतली पोरे त्या कार्टूनमधल्या अस्वलासारखी घोगऱ्या आवाजात हसत पळायची. कस्तुराबाई त्यांना थांबवून सांगायची, "आरं, ते माझं महारुद्र बोलायलंय." पोरे विचारायची, "आजी, तुमचा पोरगा अस्वल हाय व्हय?" ती हसायची खरी, पण रात्रंदिवस तिला एकच वाटायचे, की लेकराला एकदा तरी त्याच्याच तोंडाने बोलताना बघावे.

तसा योग आला, पण एकदाच. एका मालिकेत महारुद्रला लग्नातल्या बँडमास्तरचे काम मिळाले. तिथे आवाज जागच्या जागी टिपत होते, मागून कोणी बदलला नाही. मांडवात नवरीचा बाप रडत असतो. बँडमास्तर डोक्यावरची टोपी काढतो आणि म्हणतो, "मालक, लेकीला रडत न्हाई धाडायचं. आमी वाजवतो, तुमी हसा." मग तो स्वतःच हसतो आणि त्याचे डोळे मिटतात. सगळा मिळून चाळीस सेकंदांचा प्रसंग.

मालिकेचा तो भाग लागला तेव्हा महारुद्रने तो माझ्यात भरून घेतला. माझ्यावर पुन्हा कोणाला काही भरता येऊ नये म्हणून माझ्या कडेची छोटी खिटी त्याने स्वतः मोडून टाकली. माझ्या पाठीवर कागद चिकटवून निळ्या शाईने लिहिले : 'आईसाठी. तोंड आणि आवाज, दोन्ही माझे.' तेव्हा मला वाटले, आता मला कशाचीच भीती नाही.

त्या दिवाळीला तो मला आणि एक वापरलेला व्हिडिओ प्लेअर घेऊन बोरीला आला. अर्धी गल्ली घरात जमली. कस्तुराबाईने तो प्रसंग सात वेळा लावायला सांगितला. आठव्यांदा महारुद्रच वैतागला. "आई, मी हितंच बसलोय की गं! माझ्याकडं बघ ना जरा." तर ती म्हणते कशी, "तू गप. त्याला बोलू दे."

मित्रांनो, ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

पुढच्या दिवाळीला तो आला नाही. एका चित्रपटाचे काम अडले होते. भाऊबीजेला मंजुषा पाथरीहून, तिच्या सासरहून, एसटीने माहेरी आली होती. ओवाळणीचे ताट तयार होते आणि पाटावर कोणीच नव्हते. कस्तुराबाई बराच वेळ त्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाव ती कॅसेट. टोपी काढून हसतंय ना, तिथं थांबव."

मंजुषाने बटण दाबले. महारुद्रचा चेहरा पडद्यावर स्थिर झाला. तिने काचेवर त्याच्या कपाळाच्या जागी कुंकू लावले आणि ओवाळायला सुरुवात केली. शेजारची तानुबाई दारातून बघत होती.

"काय गं मंजे, काचेला टिळा लावायलीस?"

"भाऊ न्हाई, तं काच तं हाय, मावशी."

"ओवाळणी काय घालतंय मग? बटन?"

तिघी हसल्या. हसता हसता मंजुषाने पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर तो रिवाजच झाला. महारुद्र उन्हाळ्यात दोन दिवस येऊन जायचा, पण भाऊबीज त्याला कधी साधली नाही. सलग दहा वर्षे मंजुषाने माझ्यातल्या भावाला ओवाळले. एरवीही कस्तुराबाईला करमेनासे झाले, की ती मला लावायची आणि तो टोपी काढण्यापासून हसण्यापर्यंत कुठेतरी थांबवायची. पाच मिनिटे झाली की प्लेअर आपोआप बंद व्हायचा. "बंद पडलं बघ," म्हणत ती पुन्हा लावायची. ते यंत्र का बंद होते, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण मी फक्त माझ्यात भरलेलेच बोलू शकते.

मुलांनो, मला थांबवले म्हणजे माझी फीत थांबते. पण तिला टेकलेले यंत्रातले चकचकीत गोल डोके गरगर फिरतच राहते. फीत पुढे सरकत असेल तर ते एका जागी फार काळ घासत नाही. फीत थांबली, की ते एकाच जागेवर घासत बसते. चित्र ज्या बारीक भुकटीने टिकून असते, ती भुकटी तिथून कणाकणाने झडते; म्हणूनच ते यंत्र पाच मिनिटांनी स्वतःहून बंद व्हायचे. आवाजाच्या कडेच्या पट्टीला मात्र त्या डोक्याचा त्रास होत नाही. आईला जो चेहरा सगळ्यांत प्रिय होता, तोच माझ्या अंगावरून झिजत चालला होता. पडद्यावर अधूनमधून पांढरे ठिपके दिसायचे, पण आपण काही बिघडवतो आहोत, असे त्या दोघींच्या स्वप्नातही नव्हते.

मग एके दिवशी मुंबईहून फोन आला. महारुद्र चाली बसवताना पेटीवरच कोसळला होता, तो पुन्हा उठला नाही. तेव्हा मोबाईलवर एकमेकांची तोंडे दिसायला लागली नव्हती; त्याचे तोंड आणि आवाज एकत्र होते ते फक्त माझ्यात. कस्तुराबाईने मला पातळात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. "आता न्हाई बघवत," एवढेच ती बोलली.

पंधरा वर्षे मी अंधारात होते. दमट पावसाळे आले आणि माझ्या कडांना पांढरी बुरशी धरली. प्लेअर भंगारात गेला.

यंदा उन्हाळ्यात ट्रंक उघडली. कस्तुराबाई आता पंच्याऐंशीची आहे आणि अंथरुणाला खिळली आहे. ती मंजुषाला म्हणाली, "मंजे, फोटोतलं तोंड आठवतंय. अस्वलाचा आवाजबी आठवतोय. पर दोन्ही एका जागी येईनात गं. जायच्या आधी एकदा त्याला बोलताना दाव."

मंजुषाने आधी मुंबईला फोन केले. मालिका काढणारी कंपनी बंद पडली होती. मूळ फितींवर कधीच दुसरे काही भरले गेले होते. उरले होते ती फक्त मी. मला पिशवीत घालून ती परभणीला नागनाथकडे गेली. तो लग्नाचे शूटिंग करतो आणि त्याने एक जुना प्लेअर सांभाळून ठेवला आहे. त्याने दोन दिवस माझी बुरशी मऊ कापडाने पुसली. एवढ्या हळुवारपणे मला कधीच कोणी हाताळले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने मला लावले. मांडव दिसला. बँड दिसला, नवरीचा बाप दिसला. एक हात टोपीकडे गेला आणि पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेला. त्या ठिपक्यांमागून आवाज मात्र स्वच्छ आला : "मालक, लेकीला रडत न्हाई धाडायचं. आमी वाजवतो, तुमी हसा." ठिपके विरले तेव्हा महारुद्र पाठमोरा होऊन बँडकडे चालला होता.

नागनाथने तीनदा लावून पाहिले. मग विचारले, "ताई, तुमी ही हितंच थांबवत होता का?"

"व्हय. भाऊबीजेला. ओवाळायसाठी."

त्याने खाली बघत तिला ते फिरत्या डोक्याचे सांगितले.

"म्हंजी आमीच पुसलं त्याला."

"तसं न्हाई ताई..." नागनाथ म्हणाला. जे होते ते त्याने तिच्या मोबाईलमध्ये घालून दिले.

बोरीला आल्यावर मंजुषाने आईच्या पाठीशी उशी लावली आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. मी पिशवीच्या उघड्या तोंडातून बघत होते. मांडव आला. कस्तुराबाईचे डोळे लकाकले. हात टोपीकडे गेला, आणि जुन्या सवयीने ती एकदम म्हणाली, "थांबव मंजे, थांबव!"

मंजुषाने थांबवले. मोबाईलमध्ये काही घासत नाही, काही झिजत नाही. आता हवा तितका वेळ थांबता आले असते. पडद्यावर पांढरे ठिपके होते.

"तोंड कुठाय गं?"

मंजुषाने पुन्हा सुरू केले. आवाज आला, सगळे वाक्य आले, मग पाठ दिसली. म्हातारीने मान भिंतीकडे वळवली.

"हितंबी नुसता गळाच आला," ती म्हणाली. त्यानंतर तिने पुन्हा लावायला सांगितले नाही.

मित्रांनो, मला जपा, असे मी आता सांगत नाही. माझ्यात जपण्यासारखे काही उरलेले नाही आणि मला दुरुस्त करणारा कारागीर कुठेही नाही. माझे मागणे निराळे आहे. तुमच्याकडे कोणाच्या आठवणीची एकच वस्तू असेल, तर ती कशाने झिजते हे आधी जाणत्या माणसाला विचारून घ्या. नुसत्या मायेला ते कळत नाही. आणि तुमचे माणूस अजून येऊ शकत असेल, तर काचेला टिळा लावू नका. त्याला बोलावून घ्या, पाटावर बसवा.

मी पुन्हा ट्रंकेत आहे. फितीवरचा चेहरा गेला, पण पाठीवरची निळी अक्षरे जशीच्या तशी आहेत. कोणी वाचली, तर त्याला अजूनही खरीच वाटतील.