विजयमालाबाईंचा तिसरा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पूर्वी पांढराशुभ्र होतो, आता पिवळा पडलो आहे. १९९८ साली विजयमालाबाईंनी मला बुधवार पेठेतून खडकीच्या घरी आणले. बाई प्रकाशकांची पुस्तके टाइप करून देत. त्यांच्या वेगाचे सगळे तोंडभर कौतुक करत. माझे कोणी केले नाही, पण ते असो.

दहा वर्षांनी त्यांची बोटे सुजू लागली. माझी कळ दाबली की त्यांच्या बोटात कळ उठे. कोपरांवर खवले आले होते, ते झाकायला त्या लांब बाह्या घालत. कातडीच्या डॉक्टरांना त्यांनी बोटांचे सांगितले नाही आणि हाडांच्या डॉक्टरांना खवले दाखवले नाहीत. शेवटी सांधेविकाराच्या डॉक्टरांनी बाह्या वर करायला लावल्या. दोन्ही मिळून आजार एकच निघाला, सोरायटिक संधिवात. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुचवल्या. त्या चालू असताना मूल होऊ द्यायचे नाही, असेही बजावले. शंका लिहून आणायला सांगितल्या.

रविवारी बाई टाइप करायला बसल्या. १. रक्त कितीदा तपासायचे? २. टायपिंग सोडावे लागेल का? ३. मला बाळ हवे आहे.

मग तिसरी ओळ त्यांनी एकेक अक्षर करून खोडली. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. लोकांनी विचारणे सोडले होते, त्यांनीही बोलणे सोडले होते. मला फार वाईट वाटले. सगळी अक्षरे माझ्यापाशी, पण एकही मला स्वतःहून उमटवता येत नाही.

छापलेला कागद त्यांचे यजमान विश्वजीतरावांनी वाचला.

"अगं, तीनचा आकडा आहे, पुढे काहीच नाही. आकडा काय फिरायला आलाय?"

"राहू द्या हो."

"सांग ना."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ती ओळ पुन्हा टाइप केली. विश्वजीतरावांनी ती पडद्यावर वाचली.

"मलाही हवंय," ते म्हणाले. "तुझं दुखणं बघून बोललो नाही."

सोमवारी दोघे हसत घरी आले. डॉक्टर म्हणाले होते, "अहो, हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. सांगावं लागतं!" त्यांनी दुसरे औषध दिले. त्याला गुण यायला वेळ लागणार होता, पण बाळासाठी ते चालणार होते. काही महिन्यांनी माझ्या कळांवर ती बोटे पुन्हा हलकी पडू लागली.

बाळाचे अजून काही कळलेले नाही. पण मित्रांनो, घरात कोणी आजारी असेल, तर औषध घेतले का एवढेच विचारून थांबू नका. त्याला काय हवे आहे, तेही विचारा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.