दोन श्वासांमधली जागा

"आता कुठं डोळा लागलाय, उठवू नगा," गुंडा म्हणाला.

त्याचे वडील आप्पासो तासगावच्या त्या लहानशा दवाखान्यात बाकावर निवांत पडले होते. सकाळपासून पोटदुखीनं तळमळणाऱ्या म्हाताऱ्याला घरच्यांनी अफूची गोळी चारली आणि बैलगाडीतच त्याला झोप लागली.

डॉक्टर पलीकडच्या गल्लीत बाळंतिणीकडे गेलेले. गंगाधरपंत कंपाउंडर खलात औषध घोटत होते. वीस वर्षं गाव आधी पंतांना विचारायचं. पण लढाईवर जखमींची शुश्रूषा करून परतलेला जोतीराम दोन महिन्यांपूर्वी मदतीला आला, आणि लोक "फौजेतल्या दादास्नी दावा" म्हणू लागले. तेव्हापासून पंतांना घास गोड लागेना.

पंत एकादशीला कीर्तनात झांज धरीत. बुवांनी दम घेतला की पुढचा शब्द केव्हा येणार, हे त्यांना आधीच कळे. आप्पासोंचा एक श्वास त्यांनी ऐकला. मग बराच वेळ काहीच नाही. मग घुरघुरत दुसरा. ही झोप नव्हे, पंतांना उमगलं. तेवढ्यात जोतीराम आप्पासोंवर वाकला आणि पंतांची जीभ आतल्या आत राहिली. बुवा सांगतात ते खोटं नाही: सहा वैऱ्यांत मत्सर शेवटी मोजतात, कारण बाकीचे पाच निजले तरी तो जागाच असतो.

"पंत, मिन्टाला पाचच श्वास हायत. ओठबी निळं पडल्यात."

"फौजेत म्हाताऱ्यांना झोपू देत नव्हते वाटतं?"

जोतीरामनं आप्पासोंची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी. "अफू चढलीया. गुंडा, डॉक्टरांस्नी आण, पळ. पंत, ह्यांस्नी पालथं घाला. मी हनुवटी धरतो, तुमी फासळ्या दाबा. मी म्हनीन तवा सोडा."

पंतांनी खल बाजूला ठेवला. दाबलं, सोडलं. श्वास आला. पुन्हा दाबलं, सोडलं.

डॉक्टर धापा टाकत आले, सुई भरू लागले. "शाबास पंत. वेळेवर ओळखलंत."

गुंडा दारातून बघत होता.

"ओळखलं जोतीरामानं. मला त्याच्या आधी ऐकू आलं होतं, डॉक्टर. त्याच्या मागून होकार द्यायचं जिवावर आलं, म्हणून गप्प राहिलो."

जोतीरामनं मान वर केली नाही.

"ते मागनं बोला, पंत. हात थांबलाय तुमचा."