एका पंचाची फितुरी

कार्यालय कुठलंही असो, समोरचा माणूस कागदावर बोट ठेवतो आणि आपण तिथे सही करतो. वाचत नाही. मागे रांग असते, घरी कामं असतात आणि बोट ठेवणारा आपल्यापेक्षा मोठा असतो. ही सवय तुमची, माझी, सगळ्यांचीच. किल्लीवाल्याचीही तीच होती.

पोस्टाच्या जिन्याखाली त्याची टपरी. दरवर्षी नवा करून घ्यावा लागणारा परवाना त्याने खिळ्याला अडकवून ठेवलेला. एके सकाळी दोन शिपाई आले आणि म्हणाले, पेटी घे, एक कपाट उघडायचंय.

त्या सकाळचा पंचनामा पुढे दोन वर्षं न्यायालयात फिरला. त्यातली वाक्यं अशी:

"आम्ही खाली सही करणारे दोन प्रतिष्ठित पंच..."

प्रतिष्ठित! एरवी त्याला "ए किल्ली" अशी हाक यायची. दुसरा पंच सरावाचा होता. ठाण्यात त्याचा राबताच होता. त्याने झडतीच्या घराबाहेर, जिन्यातल्या कठड्यावर कागद टेकवून आधीच सही केली आणि आपल्या कामाला निघून गेला.

"...परिचारिकाबाईंच्या राहत्या घरी हजर राहिलो..."

बाई पूर्वी सरकारी दवाखान्यात होत्या. नोकरी सोडून त्या नाल्यापलीकडच्या वस्तीत राबत. गटारं उपसणाऱ्यांची वस्ती. शहराला ही माणसं कामापुरती हवी, राहायला नकोत. वस्ती उठवायच्या हुकुमावर बाईंनी न्यायालयातून स्थगिती आणली होती. शिवाय गटारात गुदमरून मेलेल्यांची यादी त्या ठेवत. सरकारी आकड्याशी ती जुळत नव्हती. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

"...कुलूपबंद कपाट आमच्या समक्ष उघडले असता..."

बाईंची म्हातारी आई किल्ली हातात घेऊनच उभी होती. काल आम्ही दोघी सभेला जाण्याआधीच तर उघडलं होतं, म्हणाली, फोडता कशाला? पण किल्ली आत जाईना. किल्लीवाल्याने भिंग लावलं. भोकाभोवती ताजे ओरखडे. आत तारेचं तुटकं टोक अडकलेलं. शिकाऊ हात, तोही घाईचा. त्याने टोक चिमट्याने ओढून काढलं आणि सवयीने फुंकर मारून उडवून दिलं.

"साहेब, हे आधी कुणीतरी उघडलंय."

अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, "तू किल्लीवाला की न्यायाधीश?"

शिपाई हसले. किल्लीवालाही हसला.

"...पुस्तकांमागे बंदी असलेल्या संघटनेची पत्रके मिळून आली. पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे."

वाचला नव्हता. बोट ठेवलं गेलं, सही झाली.

बाई तुरुंगात गेल्या. वस्तीचे सगळे कागद त्याच कपाटातून जप्त झाले होते, त्यामुळे सुनावणीला दाखवायला काही उरलं नाही. स्थगिती उठली. अटकेनंतर आठव्या महिन्यात वस्तीवर यंत्रं फिरली. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं किल्लीवाल्याकडे जुनी कुलपं घेऊन येत राहिली, ठेवून घेतोस का म्हणून. दारं गेली होती, कुलपं उरली होती. तो ती घेत नसे आणि त्यांच्या तोंडाकडे बघतही नसे.

दुसऱ्या वर्षी त्याला सरकारतर्फे साक्षीचं समन्स आलं. त्याच आठवड्यात बाईंची आई जिन्याखाली येऊन उभी राहिली. ती काही बोलण्याआधीच किल्लीवाल्याने आपलं रडगाणं सुरू केलं: हातावर पोट आहे, लेक शिकतेय, परवाना त्यांच्याच मर्जीवर. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, खोटं मी नाही लिहिलं. लिहिणारे ते."

"आणि खालची सही कुणाची?"

"सगळेच करतात हो."

"म्हणूनच तर त्यांचं चालतं, बाबा. पत्रकं ठेवायला त्यांना एक चोर पुरला. ती खरी ठरवायला मात्र तुझ्यासारखा भला माणूस लागला. चोराच्या सहीवर कोण विश्वास ठेवतं?"

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. इतके दिवस तो स्वतःला सांगत होता की या प्रकरणात आपण कुणीच नाही. आणि नेमका तोच तर लागला होता त्यांना!

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती आधी भांडली. साक्षीच्या सकाळी डबा हातात देताना म्हणाली, "खरं बोलायचंच असेल तर तोंडातल्या तोंडात बोलू नका. तुमचं अर्धं बोलणं मलाही ऐकू येत नाही."

तो मोठ्याने बोलला. ओरखडे, तार, न वाचता केलेली सही, सगळं. तारेचं टोक कुठे आहे, असं विचारलं तेव्हा म्हणाला, फुंकून टाकलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. या वेळी तो हसला नाही.

सरकारी वकील उठले. साक्षीदाराला फितूर घोषित करावं, म्हणाले.

फितूर! खोट्याखाली सही होती तोवर तो प्रतिष्ठित होता. खरं बोलला त्या क्षणी फितूर झाला. फितूर तो झाला, पण कुणाला? हे कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी बाईंना जामीन मिळाला. त्याच महिन्यात किल्लीवाल्याची टपरी उचलली गेली. एकोणीस वर्षांनी ती अचानक रहदारीला अडथळा ठरली होती. आता तो पेटी खांद्याला लावून गल्लोगल्ली हिंडतो.

बाई सुटल्या त्या दिवशी तो फाटकाशी उभा होता. त्या वाळून काठी झाल्या होत्या.

"ताई, सांगायला मला उशीर झाला."

"हो, झाला," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याची समजूत काढली नाही. "वस्ती सपाट व्हायच्या आधी बोलला असतास, तर तीनशे घरं उभी असती."

किल्लीवाल्याने मान हलवून ते कबूल केलं. आपण कधी करणार?

नागरिकहो, छळ करायला सत्तेकडे बळ असतंच. पण तो छळ कायदेशीर दिसावा म्हणून तिला आपली सही लागते, आपलं हसणं लागतं, आपलं मुकाट खाली बघणं लागतं. ते देऊ नका. देऊन बसला असाल तर आज परत घ्या. उद्या सांगितलेलं सत्यही सत्यच असतं, पण पाडलेलं एकही घर त्याने पुन्हा उभं राहत नाही.